डेटा जपायचा तर त्याचे सॉफ्टवेअरही जपा

प्रति,
मा. सचिव, अणुऊर्जा विभाग, भारत सरकार,
अणुशक्ती भवन, मुंबई.

विषय : सरकारी खर्चाने झालेल्या कणभौतिकी प्रयोगांचा डेटा सॉफ्टवेअरसह जतन करून खुला करण्याबाबत.

महोदय,



१ जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही योजना सुरू केली. तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये मंजूर झाले आणि देशभरातल्या सरकारी शिक्षणसंस्थांना आंतरराष्ट्रीय संशोधनपत्रिका खुल्या झाल्या. या निर्णयाचे मी मनापासून स्वागत करते. मात्र शोधनिबंध वाचून झाला की चांगला विद्यार्थी हमखास पुढचा प्रश्न विचारतो : ही आकृती ज्या मोजमापांवरून काढली, ती मोजमापे कुठे पाहायला मिळतील? आणि ती मिळाली, तर ती उघडायची कशाने? कणभौतिकीच्या जगात या दोन प्रश्नांना आज बऱ्यापैकी उत्तर आहे. ते उत्तर आपल्या देशातल्या प्रयोगांनाही मिळावे, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आपल्यालाच लिहिण्याचे कारण उघड आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्था (टीआयएफआर) आणि भाभा अणुसंशोधन केंद्र आपल्या विभागाच्या छत्राखाली आहेत. २१ नोव्हेंबर २०१६ रोजी भारताला सर्न या जिनिव्हाजवळच्या युरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळेचे सहयोगी सदस्यत्व देणाऱ्या करारावर आपल्या विभागाचे तेव्हाचे सचिव शेखर बसू यांनी मुंबईतच सही केली आणि जानेवारी २०१७ मध्ये ते सदस्यत्व प्रत्यक्षात आले. तिथल्या लार्ज हेड्रॉन कोलायडर या टक्करयंत्रावरच्या सीएमएस डिटेक्टरच्या बाहेरच्या कॅलरीमीटरचे भाग टीआयएफआर आणि पंजाब विद्यापीठातून गेले आहेत. म्हणजे तिथे जे घडते त्यात आपला वाटा आहे, आणि तिथे जे शिकण्यासारखे आहे ते इथे आणण्याचा अधिकारही आपल्या हातात आहे.

मी ज्याविषयी बोलते आहे ते नेमके काय, हे एका फाईलवरून सांगते. सर्नच्या ओपन डेटा पोर्टलवर सीएमएसने २०१२ साली नोंदवलेल्या, दोन म्युऑन कण असलेल्या घटनांची, म्हणजे टक्करींची, एक फाईल आहे. आकार दोन जीबीहून थोडा अधिक, आत सहा कोटींहून जास्त घटना. प्रत्येक घटनेसाठी किती म्युऑन सापडले, प्रत्येकाचा किरणरेषेला लंब असलेला संवेग किती, दिशेचे दोन कोन, विद्युतभार धन की ऋण, आणि वस्तुमान, एवढेच स्तंभ. माझ्या वर्गातली मुले त्यातून विरुद्ध भाराच्या जोड्या निवडतात, संवेग आणि कोन यांवरून जोडीचे वस्तुमान काढतात आणि आलेख मांडतात. कोड फार तर पंचवीस-तीस ओळींचा. साधा लॅपटॉप पुरतो. पडद्यावर शिखरे उभी राहतात : ३.१ जीईव्ही वस्तुमानाला जे-साय हा कण, साडेनऊच्या जरा अलीकडे अप्सिलॉन, पार उजवीकडे ९१ ला झेड बोसॉन. यातल्या पहिल्या शिखराने १९७४ साली भौतिकशास्त्राला हादरा दिला होता आणि त्याच्या शोधासाठी रिख्टर आणि टिंग यांना १९७६ चे नोबेल मिळाले. झेडचा शोध १९८३ चा, त्याच्या कामासाठी रुबिया आणि व्हान डर मेर यांना पुढच्याच वर्षी नोबेल. तालुक्याच्या गावातून आलेली, एमएस्सीच्या पहिल्या वर्षाची मुलगी ही दोन्ही शिखरे खऱ्या टक्करींच्या मोजमापांतून स्वतः काढते. ती आपल्या आलेखाकडे ज्या नजरेने पाहते, ती नजर पाठ्यपुस्तकातल्या चित्राकडे कधीच वळत नाही.

मग प्रश्न सुरू होतात, आणि माझ्या पत्राचा गाभा तिथे आहे. आलेखाच्या डाव्या भागात मधेच रुंद उंचवटे दिसतात. तिथे कुठला कण आहे? कुठलाच नाही. लार्ज हेड्रॉन कोलायडरमध्ये प्रोटॉनांचे पुंजके सेकंदाला चार कोटी वेळा एकमेकांना छेदू शकतात. ते सगळे नोंदवणे अशक्य, म्हणून ट्रिगर नावाची व्यवस्था क्षणार्धात ठरवते की काय ठेवायचे आणि काय सोडून द्यायचे. २०१२ साली अशा ठेवलेल्या घटना सेकंदाला काहीशे ते हजारच्या घरात होत्या. कमी वस्तुमानाच्या जोड्यांसाठी ट्रिगरच्या अटी वेगवेगळ्या होत्या, त्या अटींचा ठसा आलेखावर उमटतो. ही फाईल तर त्याहून एका वेगळ्या गटातली आहे. त्या वर्षी सीएमएसने तातडीने प्रक्रिया करता येईल त्यापेक्षा जास्त घटना नोंदवल्या, त्यांपैकी काही कच्च्या स्वरूपात बाजूला ठेवल्या आणि नंतर यंत्र दुरुस्तीसाठी बंद असताना त्यांच्यावर काम केले. हे माहीत नसेल तर मुलगी त्या उंचवट्याला नवा कण समजून बसेल. आकडे बरोबर आहेत, फाईल सुरक्षित आहे, तरीही अर्थ चुकेल. तो चुकू नये म्हणून फाईलसोबत ट्रिगरची माहिती, घटना निवडण्याच्या अटी, डिटेक्टर नीट चालू असलेल्या काळाची यादी आणि नमुना कोड दिलेला असतो. प्रत्येक संचाला कायमस्वरूपी ओळखक्रमांक असतो, आणि वापरावर कसलीही अट नाही.

पेशवे दफ्तरातले मोडी रुमाल पुण्यात सुखरूप आहेत, पण मोडी वाचणारा माणूस समोर नसेल तर त्या कागदांतून इतिहास बोलत नाही. प्रयोगाच्या डेटाचे तसेच आहे. फरक इतकाच की इथली लिपी दर पाच-सात वर्षांनी बदलते.

या लिपीला टिकवून धरण्याचे काम ज्या सॉफ्टवेअरने सर्वांत जास्त केले त्याचे नाव रूट. रने ब्रुन आणि फोन्स राडेमाकर्स यांनी १९९० च्या दशकाच्या मध्यावर सर्नमध्ये ते सुरू केले. त्यातले दोन निर्णय मला फार दूरदृष्टीचे वाटतात. पहिला असा की फाईलमध्ये आकड्यांसोबत त्या आकड्यांच्या रचनेचे वर्णनही लिहिलेले असते. त्यामुळे मूळ संगणकीय कार्यक्रम हरवला, रचना बदलली, तरी नव्या आवृत्तीला जुनी फाईल वाचता येते. दुसरा निर्णय साठवणीचा. एकेक घटना सलग लिहिण्याऐवजी एकेक राशी सलग लिहिली जाते, सर्व घटनांचे संवेग एका रांगेत, सर्व कोन दुसऱ्या. मला फक्त संवेग आणि भार हवा असेल तर बाकी काही वाचावे लागत नाही. एक्सरूटडी नावाच्या प्रणालीतून तर सर्नच्या सर्व्हरवरच्या फाईलमधला हवा तेवढाच भाग इकडे मागवता येतो, अख्खी फाईल उतरवावी लागत नाही. ज्या महाविद्यालयात दुपारी वीज जाते आणि इंटरनेट ठरावीक वेळीच धड चालते, तिथे या तांत्रिक निर्णयाची किंमत लगेच कळते. आज एक एक्साबाइटहून जास्त डेटा रूटच्या फाईलींत आहे. या साठवणरचनेची जागा घेणारी नवी रचना, आर-एनटपल, आता तयार झाली आहे. तरीही जुन्या फाईली वाचता येण्याची जबाबदारी कुणी झटकलेली नाही. वर्षानुवर्षे पगार घेऊन हे काम करणारी माणसे तिथे आहेत, म्हणून हे शक्य होते.

फाईली कुठे ठेवल्या आहेत हे सांभाळणारे सॉफ्टवेअर वेगळे. सर्नमधल्या अ‍ॅटलस प्रयोगाने त्यासाठी रुसिओ तयार केले. डॉन किहोतेच्या कादंबरीत सांचो पांझाचे जे गाढव आहे त्याचे हे नाव, कारण आधीची प्रणाली खुद्द डॉन किहोतेच्या नावाची होती. कोणत्या संचाच्या किती प्रती, कोणत्या देशात, किती काळ ठेवायच्या, याचे नियम त्याला सांगायचे, मग हलवाहलव ते स्वतः करते. सीएमएसनेही पुढे तेच घेतले. या सगळ्याच्या खाली चाळीसहून अधिक देशांत पसरलेले संगणकांचे जाळे आहे. त्यातले सीएमएसचे एक केंद्र कुलाब्याला टीआयएफआरमध्ये आणि अ‍ॅलिस प्रयोगाचे एक कोलकात्याला आहे. या जाळ्यावर देखरेख ठेवणारे ग्रिडव्ह्यू हे सॉफ्टवेअर तर तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या अभियंत्यांनी सर्नबरोबर मिळून लिहिले. आपल्याकडे हे करणारी माणसे नाहीत, असे कुणी म्हणाले तर ते खरे नाही.

महोदय, जतन केले नाही तर काय होते, याचे एक उदाहरण हॅम्बर्गचे आहे. १९७९ ते १९८६ या काळात तिथल्या डेझी प्रयोगशाळेत पेट्रा नावाच्या यंत्रावर जेड हा प्रयोग चालला. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांच्या टक्करी, ऊर्जा साधारण १२ ते ४६ जीईव्ही. प्रयोग संपला, लोक पांगले. नव्वदच्या दशकात प्रबळ बलाचा सिद्धांत इतका पुढे गेला की त्याच्या कसोटीसाठी नेमक्या त्या ऊर्जेची मोजमापे हवी झाली, आणि त्या ऊर्जेचे यंत्र आता जगात नव्हते. झीगफ्रिड बेथके आणि त्यांचे सहकारी जुना डेटा शोधायला निघाले. टेप सापडल्या. सॉफ्टवेअर मात्र जुन्या फोरट्रानमध्ये, त्याच्या आता कुणालाच न येणाऱ्या बोलींमध्ये आणि काही भाग थेट जुन्या आयबीएम यंत्राच्या भाषेत लिहिलेला. तो ओळीओळीने नव्या संगणकांवर आणावा लागला. त्यातही एक फाईल कुठेच मिळेना : प्रत्येक काळात टक्करींचे प्रमाण किती होते, ही नोंद. तिच्याशिवाय बरीचशी मोजमापे निरुपयोगी. शेवटी तिची कागदावर छापलेली प्रत सापडली आणि सगळे आकडे हाताने पुन्हा टंकित करावे लागले. एवढी खटपट करून जे निकाल आले, त्यांनी प्रबळ बलाची ताकद ऊर्जेनुसार कशी बदलते याचा पुरावा पक्का केला. कोट्यवधी जर्मन मार्कांचा प्रयोग एका छापील गठ्ठ्यावर अडला होता. तो गठ्ठा कुणी रद्दीत दिला असता तर काय, हा विचार मला अस्वस्थ करतो.

दुसरे उदाहरण सर्नचेच, आणि ते मला जास्त महत्त्वाचे वाटते. लार्ज हेड्रॉन कोलायडर ज्या २७ किलोमीटरच्या बोगद्यात आहे तिथे १९८९ ते २००० या काळात लेप हे यंत्र होते. ते काढून टाकल्यावरच नवे यंत्र बसवता आले, म्हणजे लेप पुन्हा चालवणे शक्य नाही. २०१० साली सीएमएसला प्रोटॉनांच्या टक्करींत एक अनपेक्षित गोष्ट दिसली : एकमेकांपासून दूर गेलेले कण ठरावीक पद्धतीने जोडीने बाहेर पडत होते. असे जड अणुकेंद्रांच्या टक्करींत दिसते, प्रोटॉनांत दिसेल असे कुणाला वाटले नव्हते. मग प्रश्न आला : इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांच्या, म्हणजे अगदी साध्यासरळ टक्करींतही असे होते का? उत्तर फक्त लेपच्या जुन्या डेटात असू शकत होते. एमआयटीच्या संशोधकांनी लेपवरच्या अलेफ प्रयोगाचा साठवलेला डेटा उघडला, पाहिले, आणि २०१९ मध्ये जाहीर केले की तसा ठळक संकेत मिळत नाही. पंचवीस वर्षांपूर्वीच्या टक्करींना असा प्रश्न विचारला गेला, जो त्या टक्करी नोंदवणाऱ्यांच्या मनातही नव्हता. डेटा कशासाठी जपायचा, असे मला कुणी विचारले तर मी हेच उदाहरण देते.

या अनुभवांतून सर्न शिकले. कणभौतिकीतल्या जतनासाठी २००९ मध्ये एक आंतरराष्ट्रीय अभ्यासगट उभा राहिला. नोव्हेंबर २०१४ मध्ये ओपन डेटा पोर्टल सुरू झाले, सीएमएसने २०१० च्या टक्करींचा पहिला मोठा संच तिथे ठेवला. डिसेंबर २०२० मध्ये लार्ज हेड्रॉन कोलायडरवरच्या चारही मोठ्या प्रयोगांनी मिळून धोरण जाहीर केले : संशोधनायोग्य डेटा नोंदणीनंतर साधारण पाच वर्षांनी टप्प्याटप्प्याने खुला करायचा आणि प्रयोग संपेपर्यंत सगळा बाहेर आणायचा. २०२४ मध्ये सीएमएसने २०१६ च्या टक्करींचा ७० टेराबाइटहून अधिक डेटा दिला, त्यासोबत ८३० टेराबाइट सिम्युलेशन. त्याच वर्षी अ‍ॅटलसनेही ६५ टेराबाइट दिला. सिम्युलेशनचा आकडा दहापटीहून मोठा आहे, याकडे आपले लक्ष वेधते. डिटेक्टरमध्ये काय दिसायला हवे होते याचा हिशेब नसेल तर काय दिसले याला अर्थ उरत नाही, म्हणून तोही द्यावा लागतो. जुने विश्लेषण-सॉफ्टवेअर जुन्या लिनक्सवरच चालते, तर तो लिनक्सही कंटेनर नावाच्या सॉफ्टवेअर-पेटीत बंद करून सोबत देतात. आज माझ्या लॅपटॉपवर मी बारा-तेरा वर्षांपूर्वीचा सीएमएसचा संगणकीय संसार जसाच्या तसा उभा करू शकते. पहिल्यांदा तो कंटेनर उतरायला रात्र लागते, हे खरे.

याच्या अलीकडची, अधिक साधी पायरीही आहे आणि ती बरीच जुनी आहे. इंग्लंडमधल्या डरॅम विद्यापीठात १९७० च्या दशकापासून हेपडेटा चालते. छापील निबंधातल्या आलेखांमागचे आकडे, मोजमापातल्या अनिश्चिततेसह, तिथे तक्त्यांच्या रूपात मिळतात. कुणाला आलेखावर पट्टी ठेवून बिंदू वाचायला लागू नयेत, एवढा साधा हेतू. माझ्या मते आपल्या देशाने सुरुवात करायची तर इथून करावी. त्यात खर्च नगण्य आहे.

आक्षेप मला ठाऊक आहेत, आणि ते क्षुल्लक नाहीत. ज्यांनी दहा-पंधरा वर्षे डिटेक्टर उभारण्यात घालवली त्यांच्या मेहनतीचे फळ दुसऱ्याने आयते खाऊ नये, हा पहिला. तो न्याय्य आहे. पाच वर्षांची मुदत त्यासाठीच असते. हवी तर आपण ती आपल्या प्रयोगांच्या गतीनुसार सात करावी. पण मुदत असावी आणि ती आधी जाहीर झालेली असावी. दुसरा आक्षेप असा की बाहेरचे लोक चुकीचे निष्कर्ष काढतील. काढतीलही. एमआयटीचे जेसी थेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीएमएसच्या २०१० च्या खुल्या डेटावर काम करून २०१७ मध्ये जेटच्या, म्हणजे एकाच दिशेने निघणाऱ्या कणांच्या झोताच्या, अंतर्रचनेवर निबंध प्रसिद्ध केला. प्रयोगाबाहेरच्या गटाने या डेटावर केलेले ते पहिले गंभीर संशोधन. त्यांना काय काय अडले, कोणती माहिती विखुरलेली होती, हेही त्यांनी सविस्तर लिहिले आणि पोर्टलने त्यातून पुढच्या संचांची कागदपत्रे सुधारली. बाहेरच्या वाचकामुळे आतल्यांना आपलीच नोंद नीट ठेवायची सवय लागते, हा फायदा मला सर्वांत मोठा वाटतो. दहा वर्षांनी प्रयोगातला नवा विद्यार्थीसुद्धा बाहेरचाच असतो. तिसरा आक्षेप गुप्ततेचा. आपल्या विभागाच्या काही कामांना ती हवी, त्याबद्दल दुमत नाही. वातावरणात जन्मणाऱ्या म्युऑनांना आणि न्यूट्रिनोंना ती नको.

आता आपल्या घरचे. १९६५ साली कोलारच्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली दोन किलोमीटरहून खोल, टीआयएफआर, जपानचे ओसाका सिटी विद्यापीठ आणि तेच डरॅम विद्यापीठ यांच्या गटाने वातावरणात जन्मलेले न्यूट्रिनो टिपले. दक्षिण आफ्रिकेतल्या खाणीत राइन्स यांचा गटही तेच करत होता, दोघांचे निकाल जवळपास एकाच वेळी आले. जगात पहिल्यांदाच हे घडत होते. मेनन, श्रीकंतन, नरसिंहम यांची नावे त्या कामाशी जोडलेली आहेत. निऑन फ्लॅश नळ्या उजळायच्या आणि त्यांची छायाचित्रे फिल्मवर उमटायची, ती फिल्म हाच डेटा. पुढे तिथेच प्रोटॉनच्या क्षयाचा शोध घेणारे मोठे डिटेक्टर बसले आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला काम थांबले. या खाणीत काही मोजक्या घटना अशा दिसल्या होत्या, ज्यांचे स्पष्टीकरण कुणालाच नीट देता आले नाही. ‘कोलार घटना’ म्हणून त्या ओळखल्या जातात. मूर्ती आणि राजशेखरन या भारतीय सैद्धांतिकांनी २०१४ च्या सुमारास त्या पुन्हा चर्चेला घेतल्या : कृष्णद्रव्याच्या क्षयातून तर त्या आल्या नसतील? उत्तर काहीही असो, जगातल्या कुठल्याही अभ्यासकाला आज या घटना पुन्हा तपासायच्या असतील तर त्याच्या हाताशी असायला हवी ती मूळ फिल्म, मोजणीच्या वह्या, डिटेक्टरची भूमिती. केवळ जुने निबंध पुरत नाहीत.

उटीची ग्रेप्स-३ वेधशाळा ही त्याहून ताजी गोष्ट. टीआयएफआरच्या या प्रयोगात ५६० चौरस मीटरची म्युऑन दुर्बीण अवकाशातून येणाऱ्या किरणांच्या वर्षावातले म्युऑन रात्रंदिवस मोजते. काम कॉस्मिक किरणांचे. पण एप्रिल २०११ ते डिसेंबर २०१४ या काळात नोंदलेल्या १८४ गडगडाटी वादळांचा मागोवा त्याच मोजमापांतून घेतला तेव्हा १ डिसेंबर २०१४ च्या एका वादळात ढगातला विद्युतदाब १.३ अब्ज व्होल्टपर्यंत पोचल्याचे दिसले. २०१९ मध्ये ते प्रसिद्ध झाले आणि जगभर गाजले. म्युऑनच्या मोजणीतून वादळाचा अभ्यास होईल, हे कल्पून कुणी दुर्बीण बांधली नव्हती. डेटा नीट, वेळेच्या अचूक नोंदींसह, साठवलेला होता म्हणून हा प्रश्न नंतर विचारता आला. हवामानशास्त्राच्या, विद्युतशास्त्राच्या, अगदी शेतीच्या अभ्यासकांच्या मनात आणखी कोणते प्रश्न असतील, ते टीआयएफआरमध्ये बसून कुणालाही आधी सांगता येणार नाही.

म्हणून माझ्या मागण्या अगदी ठोस आहेत. आपल्या विभागाच्या पैशातून होणाऱ्या प्रत्येक नव्या प्रयोगाच्या प्रस्तावातच डेटा आणि सॉफ्टवेअर जतन करण्याचा खर्च धरलेला असावा, तो शेवटी उरला तर करायचा खर्च नसावा. खुला करण्याची मुदत त्यातच लिहिलेली असावी. २०१२ चे राष्ट्रीय डेटा धोरण सरकारी खर्चाने गोळा झालेली माहिती लोकांना देण्याचे तत्त्व मान्य करते, त्यामुळे हे काही परके नाही. व्यासपीठ शून्यातून उभारायची गरज नाही. सर्नचे पोर्टल आणि हेपडेटा ज्यावर चालतात ते इनवेनिओ हे सॉफ्टवेअर मुक्तस्रोत आहे. विश्लेषण पुन्हा चालवून पाहण्यासाठीचे रेआनाही तसेच. टीआयएफआरच्या जोडीला शिक्षणसंस्थांना जोडणारे राष्ट्रीय ज्ञानजाळे (नॅशनल नॉलेज नेटवर्क) आहे. सीएमएसच्या निवडक शैक्षणिक संचांची एक प्रत मुंबईत ठेवली, तर नांदेडपासून सावंतवाडीपर्यंतच्या महाविद्यालयांना जिनिव्हाच्या रस्त्याने जावे लागणार नाही.

आणि माणसे. या कामात सगळ्यांत आधी कात्री लागते ती इथे. सॉफ्टवेअर सांभाळणारा अभियंता निबंध लिहीत नाही, शोध लावत नाही, त्याचे नाव वर्तमानपत्रात येत नाही. दोन वर्षांच्या प्रकल्पपदावर तो येतो, सगळी व्यवस्था समजून घेतो आणि समजली की बंगळूरच्या एखाद्या कंपनीत जातो. त्याच्याबरोबर त्या प्रणालीचे अर्धे ज्ञान जाते. रूट तीस वर्षे टिकले ते तिथे कायम नोकरीवर असलेल्या लोकांमुळे. आपल्याकडे डिटेक्टर बांधणाऱ्यांची पदे जशी मंजूर होतात, तशी डेटा सांभाळणाऱ्यांची कायम पदे मंजूर व्हावीत, त्यांना बढतीचा स्वतंत्र मार्ग असावा आणि चांगला जतन केलेला डेटासंच हे चांगल्या निबंधाइतकेच काम मानले जावे. पद मंजूर करणे आपल्या अखत्यारीत आहे. प्रयोगशाळेतल्या कुठल्याही शास्त्रज्ञाच्या अखत्यारीत ते नाही.

कोलारबद्दल मात्र घाई करावी लागेल. तिथल्या फिल्म, टेप, वह्या, डिटेक्टरचे आराखडे आणि त्या काळचे संगणकीय कार्यक्रम कुठे, कोणत्या स्थितीत आहेत, याची यादी आपण तयार करून जाहीर करावी, आणि जे उरले असेल त्याचे डिजिटायझेशन सुरू करावे. त्यासोबत जे कुठल्याच कागदावर नाही तेही मिळवावे लागेल : कोणत्या महिन्यात कोणती नळी नीट चालत नव्हती, वहीतल्या एखाद्या खुणेचा अर्थ काय, अमुक घटना का वगळली. खाणीत प्रत्यक्ष काम केलेले शास्त्रज्ञ आणि तंत्रज्ञ आज सत्तरी-ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांच्याकडे माणूस पाठवून, फिल्म समोर ठेवून, एकेक गोष्ट लिहून घेण्याचे काम याच आर्थिक वर्षात सुरू व्हावे, अशी माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे.

आपली विश्वासू,
पदार्थविज्ञानाची एक प्राध्यापिका